पूर ओसरला पण प्रश्न राहिला: घरात काय भरून ठेवायचं, किती, आणि कुणाकुणासाठी?

माहेर_दांडियाबाजार | १८ मे २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, बरेच महिने डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मी समा भागात राहते, चार मजली अपार्टमेंट, आम्ही तिसऱ्यावर. गेल्या वर्षी जन्माष्टमीला, म्हणजे २६ ऑगस्टला, बडोद्यात काय झालं ते सगळ्यांना माहितीये. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट आणि नदी गेली ३५ च्याही वर, आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी, आणि ते पाणी तीन दिवस हललं नाही. मगरी फिरत होत्या म्हणून खाली उतरायची सोय नाही.

आता मुद्दाम सांगते, कारण जो भेटतो तो आधी खाण्याचंच विचारतो. खायला घरात भरपूर होतं. गहू वर्षाचे भरलेले, तांदूळ, डाळी, लोणचं, पापड, खाखरे, सगळं. अडलं ते पाण्यावाचून. जमिनीखालची टाकी पुरात बुडली, म्हणजे त्यात गटाराचं पाणी शिरलं. मोटर पाण्याखाली. मीटरच्या पेट्या तळमजल्यावर म्हणून लाईट आधीच बंद केलेली. गच्चीवरची टाकी दुसऱ्या दिवशी सकाळीच खडखडाट, कारण पहिल्या दिवशी कुणी कुणाला जपून वापरा म्हणून सांगितलंच नाही. आरओ लाईटवर. आणि ज्या गव्हाचा एवढा आधार वाटत होता त्याचं पीठ करायला घरघंटी, तीसुद्धा लाईटवर! पिंपभर गहू आणि डब्यात दोन वाट्या कणीक. तीन दिवस आम्ही खिचडी खाल्ली तीसुद्धा पाणी मोजून.

चौथ्या मजल्यावर एक बा, म्हणजे आजी, एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढे वय, मुलगा परदेशात. त्यांना इन्सुलिन लागतं हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. अकरा वर्षं एका जिन्यानं जातोय येतोय आम्ही. हे मला अजून टोचतं.

मग यंदा ७ मेला युद्धाच्या तयारीची मॉक ड्रिल झाली, संध्याकाळी ब्लॅकआउट झाला, मुलगा विचारायला लागला आई आता दुकानं बंद होणार का. दुसऱ्या दिवशी किराण्याच्या दुकानात ही गर्दी, कुणी तेलाचे तीन तीन डबे उचलतंय, मीपण रांगेत उभी राहून दहा किलो साखर आणली. घरी येऊन पाहिलं तर साखर होतीच. म्हणजे पुरात काय कमी पडलं ते विसरून मी भलतंच घेऊन आले.

तर प्रश्न असा की तीन दिवसांचं नाही, तीन आठवड्यांचं किंवा तीन महिन्यांचं काही आलं तर? युद्ध म्हणा, मोठा भूकंप म्हणा, लाईट जाऊन आलीच नाही म्हणा. माणसं कशी वागतील? काय ठेवावं? ज्यांनी खरंच विचार केलाय त्यांनी सांगा.

कोठी_भरलेली | १८ मे, रात्री ११.२५

ताई चांगला विषय काढलात. मी हे सात आठ वर्षं करतोय, घरचे नावं ठेवायचे, कोरोनात २४ मार्चला रात्री आठला लॉकडाऊनची घोषणा झाली तेव्हा आमच्या घरातून कुणी बाहेर पळालं नाही, तेव्हापासून बोलत नाहीत.

धान्याबद्दल. माणशी महिन्याला दहा किलोच्या आसपास धान्य धरा, रेशनवर माणशी ५ किलो मिळतं ते पोटभर पुरत नाही हे लक्षात ठेवा. आत्ता मे चालू आहे, गहू भरायची हीच वेळ. हाथीखान्याच्या धान्यबाजारातून आणा किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून, पण आणल्या आणल्या पिंपात ओतू नका. दोन दिवस कडक उन्हात पसरा, रात्री गार होऊ द्या, गरम गहू झाकला की आत घाम धरतो आणि मग पोरकिडे होतातच. मग दिवेल चोळा, एरंडेल म्हणतात ते, हाताला जेमतेम चिकट लागेल इतकंच. आमच्याकडे कडुनिंबाचा वाळलेला पाला थरावर थर घालतात. पाऱ्याच्या गोळ्या मी वापरत नाही, घरात लहान मुलं आहेत आणि पारा तो पाराच. डाळी त्या मानाने लवकर किडतात, त्यांनाही तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात. तांदूळ हातसडीचा जास्त साठवू नका, त्यातलं तेल खवट होतं, पॉलिशचा टिकतो.

आणि हाताने फिरवायची चक्की घ्या, तुमचा घरघंटीचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, कारण हे मीही उशिरा शिकलो. जातं असेल तर उत्तमच.

बाकी माझ्याकडे गच्चीवर सोलर आहे, सावली गावाच्या बाजूला थोडी जमीन घेतलीय, बोअर आहे, दोन गाई आहेत. वेळ आली की कुटुंब घेऊन तिकडे. एक सल्ला कडू लागेल पण देतो, तुमच्याकडे काय आहे हे कुणाला सांगू नका. ज्या दिवशी लोक उपाशी असतील त्या दिवशी पहिलं दार तुमचंच वाजेल.

हरणी_रहिवासी | १९ मे, सकाळी ७.५०

दादा, तुमची तयारी बघून आदर वाटला पण एक विचारतो, सावलीला जाणार कसे? मी हरणीत राहतो. ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतून सोसायटीच्या गेटपर्यंत जाता येत नव्हतं. विश्वामित्री शहराच्या मधून जाते, पूल बंद झाले की अर्धं शहर उरलेल्या अर्ध्याला परकं होतं. ३१ जुलै २०१९ ला तर एका दिवसात वीसएक इंच पाऊस पडला होता, सकाळी ऑफिसला गेलेली माणसं संध्याकाळी घरी आली नाहीत. एनडीआरएफची तुकडी इथे जवळ जरोदला असते, त्यांनाही बोटी घालून यावं लागलं. संकट सांगून येत नाही, तुम्ही जिथे आहात तिथेच गाठतं.

आणि सोलरचं एक, नीट बघून घ्या. माझ्याकडेही आहे, सबसिडीवालं. लाईट गेली की तेही बंद पडतं! बाहेर लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून तो इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो, तशीच रचना असते. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच चालतं. पुरात आमच्या लाईनीत सात घरांवर पॅनल होते, ऊन पडल्यावरही एकाच्याही घरात पंखा फिरला नाही.

कोठी_भरलेली | १९ मे, सकाळी ९.०५

सोलरचं मला माहीत नव्हतं. इंस्टॉलरला फोन करतो आज.

जुना_बडोदेकर | १९ मे, दुपारी ३.१५

मी पंच्याहत्तरीच्या घरात आहे, टाइप हळू होतं, पण या विषयावर लिहायलाच हवं.

आमच्या आजीच्या तोंडी एक शब्द असायचा, छप्पनिया. पानात टाकलं की म्हणायची छप्पनिया विसरलात का. तिनेही तो पाहिला नव्हता, तिच्या आईनं पाहिलेला. विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, म्हणजे इसवी सन १८९९ ते १९००. पाऊस आलाच नाही. गुजरातची जमीन काळी कसदार, इथल्या लोकांना मोठ्या दुष्काळाची सवयच नव्हती, त्यामुळे कुणी तयार नव्हतं. बडोदा संस्थानची शिरगणती बघा, १८९१ मध्ये २४ लाखांवर लोक आणि १९०१ मध्ये साडेएकोणीस लाख. दहा वर्षांत वाढायची तर साडेचार लाखांनी कमी झाली! त्यात प्लेगही आहे, पण मोठा घाव दुष्काळाचा आणि त्याच्यामागून आलेल्या कॉलऱ्याचा. आणि राज्य होतं सयाजीराव महाराजांचं, म्हणजे प्रजेची काळजी करणारा राजा, आजवा तलाव बांधून शहराला नळाचं पाणी देऊन झालेलं. तरीही.

मला यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते हे की रेल्वे होती, बाहेरून धान्य येऊ शकत होतं आणि आलंही. ते विकत घ्यायला लोकांच्या हातात पैसा नव्हता. शेत पिकलं नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून सुताराला काम नाही, कुंभाराला गिऱ्हाईक नाही. गुरं आणि भांडी कवडीमोलानं विकली गेली, कारण सगळे एकदम विकायला निघाले आणि घेणारा कुणी नाही. १९४३ च्या बंगालबद्दल अमर्त्य सेनांनी हेच मांडलंय, त्यांनी तो दुष्काळ लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. धान्य होतं, पण ज्याची मिळकत गेली त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. म्हणून मी तरुण मुलांना सांगतो की पिंप भरा, जरूर भरा, पण तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंचा, वॉचमनचा, हातगाडीवाल्याचा पैसा त्या काळात कसा चालू राहील याचा विचार पिंपाच्या आधी करा. टंचाईत आधी ती माणसं कोसळतात.

दुसरं मी स्वतः पाहिलेलं, नवनिर्माण आंदोलन. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादला इंजिनियरिंग कॉलेजच्या मेसचं बिल वाढलं त्यावरून पेटलं. मी तेव्हा इथेच कॉलेजात. शेंगतेल मिळत नव्हतं, मिळालं तर भाव ऐकवत नव्हता, लोक तेलिया राजांच्या, म्हणजे तेलाच्या बड्या गिरणीवाल्यांच्या, नावानं बोटं मोडायचे. वडील तेलासाठी रांगेत उभे, मी रेशनच्या गव्हासाठी. मग दगडफेक, गोळीबार, कर्फ्यू. शंभराच्या आसपास माणसं गेली राज्यात, ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. मेसच्या बिलावरून सरकार गेलं. समाज मोडतो मोडतो म्हणतात तो असा कुठून सुरू होईल सांगता येत नाही.

पण त्याच कर्फ्यूत आम्ही दूध प्यायलो. मांडवीजवळ आमची पोळ, म्हणजे एका दरवाजाआतली गल्ली, घरांना घरं चिकटलेली, गच्च्या एकमेकांना लागून. पलीकडच्या टोकाला एका भरवाडाच्या चार म्हशी होत्या. तो पहाटे घागर भरून द्यायचा आणि ती घागर गच्चीवरून गच्चीवर सरकत पोळीच्या या टोकापर्यंत यायची, रस्त्यावर पाऊल न टाकता. ज्या घरात तान्हं मूल त्याला आधी, मग म्हातारे, उरलं तर चहाला. कोण कुठल्या जातीचा आणि कोण कुठली भाषा बोलतो हे तेव्हा कुणी बघितलं नाही. मापं माझी आई द्यायची आणि तिनं स्वतःच्या घराला एकदाही जास्त घेतलं नाही.

म्हणून कुणाला सांगू नका हा सल्ला मला पटत नाही. आमची घागर लपवलेली असती तर ती एका घरात नासली असती.

मांजलपूर_४०१ | १९ मे, रात्री ८.३०

काका वाचून डोळे भरून आले. पण तेव्हा पोळ होती हो. आमच्या टॉवरला ११२ फ्लॅट आहेत, अर्धे भाड्याचे, दर अकरा महिन्यांनी माणसं बदलतात, समोरच्या दाराचं आडनाव मला पार्सलवरून कळतं. घागर सरकवायची कुठे?

सयाजीगंज_औषधं | १९ मे, रात्री ९.१०

मी फार्मसीत काम करतो, इन्सुलिनचं वाचलं म्हणून लिहितोय.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत. उघडलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते पण खोली फार तापायला नको, तीस डिग्रीच्या आत, आणि आपल्याकडे मेमध्ये ते अवघड. लाईट गेली तर मातीच्या माठात कोरडी पिशवी करून ठेवा, बाहेरून ओला कपडा, सावलीत वाऱ्याला. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

रोजच्या गोळ्या, बीपी थायरॉइड फीट वगैरे, महिन्याचा साठा जास्तीचा ठेवा आणि जुन्या आधी वापरा नव्या मागे ठेवा. मार्च २०२० ला आमच्याकडे लोकांनी सहा सहा महिन्यांच्या गोळ्या उचलल्या आणि नंतर आलेल्यांना आठ दिवसांच्याही मिळेनात, एका मावशींना मी स्वतः परत पाठवलंय, तो चेहरा विसरत नाही. तुमचा एक महिना वर असला की पहिल्या गर्दीत तुम्ही येत नाही, म्हणजे तुमच्या जागी ज्याची डबी त्याच दिवशी संपली त्याला मिळतं. म्हणून शांत असताना थोडं थोडं भरा, गडबड सुरू झाल्यावर हात लावू नका.

पुरानंतर माणसं जुलाबानं आजारी पडतात. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ जास्त पडू देऊ नका. क्लोरीनच्या गोळ्या स्वस्त असतात, किती लिटरला एक ते पाकिटावर लिहिलेलं असतं, टाकून अर्धा तास थांबायचं, गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून घ्यायचं. उकळायचं तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, उगाच गॅस जाळू नका.

दर्यावर्दी | १९ मे, रात्री ११.५५

मी बडोद्याचा, पण २०२१ ते २०२३ कामानिमित्त कोलंबोत होतो. तीन महिन्यांचं काही आलं तर काय हा जो ताईंचा प्रश्न आहे तो मी जगलोय.

एका दिवसात काही घडलं नाही, हे आधी समजून घ्या. देशाकडचं परकीय चलन संपत आलं. २०२१ मध्ये रासायनिक खतं एकदम बंद केली, भात कमी पिकला. मग दुधाची पावडर मिळेना. मग गॅस. मग मार्च २०२२ मध्ये कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण कागद ही गोष्ट आपण कधी मोजतच नाही. मार्चच्या शेवटी दिवसाला तेरा तास लाईट नाही. एप्रिलमध्ये सरकारनं कर्ज फेडणार नाही म्हणून सांगितलं. पेट्रोलच्या रांगेत रिक्षावाले रात्र रात्र झोपायचे, जुलैनंतर क्यूआर कोडवर रेशन सुरू झालं, दुचाकीला आठवड्याला ४ लिटर, गाडीला २०.

माझ्याकडे पगार डॉलरमध्ये होता म्हणून मी तरलो, ते मान्य करतो. पण काय उपयोगी पडलं विचाराल तर सायकल. आणि विटांची चूल मांडायची मुभा देणारी घरमालकीण. माझा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, फक्त गॅसचा, लाकूड पेटवायला जागाच नाही. खालच्या मजल्यावर त्यांचं अंगण होतं, तिथे सात कुटुंबांचा भात एका चुलीवर व्हायचा. सरकारी नोकरांना शुक्रवारी सुट्टी दिली होती, घरी भाजी पिकवा म्हणून. लोकांनी टेनिस कोर्टच्या कडेला साबुकंद लावला.

दुकानं लुटतील, घरात घुसतील असं मला रोज वाटायचं. भांडणं झाली, पंपावर मारामाऱ्या झाल्या, जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. पण आमच्या गल्लीत कुणी कुणाच्या घरात शिरलं नाही. लोक चिडले ते सरकारवर.

इथल्या लोकांना एकच विचारतो, बडोद्यात पाइपगॅस आला म्हणून किती जणांनी सिलिंडर परत दिलेत? पाइप बंद पडला तर तुमच्याकडे दुसरं काय आहे? आणि सिलिंडर असला तरी आपल्या देशाचा साठेक टक्के एलपीजी बाहेरून येतो, बराचसा आखातातून. गॅस, एक इंडक्शन, आणि कोळशाच्या गोणीसकट एक छोटी शेगडी, असे तीन वेगवेगळे मार्ग ठेवा. शेगडी बंद खोलीत पेटवू नका, जनरेटरही नाही, त्यातला विषारी वायू वासाशिवाय मारतो.

राजवाडा_इंदूर | २० मे, सकाळी ६.४०

इंदूरहून लिहितोय. आमचं पाणी नर्मदेचं, जलूदहून सत्तर किलोमीटरवरून पंपानं घाट चढवून येतं. लाईन फुटली किंवा पंपाची वीज गेली की शहर टँकरवर. होळकरांच्या वेळचा यशवंत सागर आहे, पण शहर केवढं वाढलं.

वाड्यावाड्यांत आड होते, बहुतेक बुजवले नाहीतर वर फरशी टाकली. आणि एक कळकळीनं सांगतो, बडोद्यात कुणी जुनी विहीर उघडायला निघाला तर आधी वरचा स्लॅब इंजिनियरला दाखवा. ३० मार्च २०२३, रामनवमी, आमच्याकडे बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर, टाकलेली फरशी गर्दीच्या वजनानं खचली आणि ३६ माणसं गेली. अर्ध्या शहराला तिथे बावडी आहे हेच माहीत नव्हतं. आपल्या पायाखाली पाणी आहे हे विसरणं किती महाग पडतं ते त्या दिवशी पाहिलं.

कोठी_भरलेली | २० मे, दुपारी १.३०

काल रात्रीपासून तीनदा वाचलं सगळं. इंस्टॉलरनं सांगितलं, हरणीवाल्या भाईंचं बरोबर आहे, माझंही बंदच पडणार.

न सांगण्याबद्दल माझी बाजू मांडतो. मी भित्रा नाही, पण मार्च २००२ च्या दंगलीत मी या शहरात शाळकरी होतो आणि त्या दिवसांत जे ऐकलं पाहिलं त्यामुळे गर्दीवर माझा विश्वास बसत नाही. शेजारी चांगले असतात हो, गर्दी चांगली नसते. काका म्हणतात तशी पोळ मी पाहिलेलीच नाही.

पण एका गोष्टीनं झोप लागली नाही. शेतावर एक जोडपं राहतं, गाई तेच बघतात, बोअरची मोटर बिघडली तर तोच दुरुस्त करतो, मला तर तिथला वाफासुद्धा नीट काढता येत नाही. माझ्या यादीत आम्ही पाच जण धरलेत. त्यांचे चार धरलेच नाहीत. वर्षाचा गहू पाचांसाठी मोजलाय आणि तो पिकवणारा मोजला नाही. हे बदलतोय, पिंपं वाढवतोय.

जुना_बडोदेकर | २० मे, दुपारी ४.००

बाळा, २००२ बद्दल तू म्हणतोस ते खोटं नाही. तेव्हा ज्या ठिकाणी गर्दी आली तिथे गच्च्याही कामाला आल्या नाहीत. मी माझी बाजू गोड करून सांगणार नाही. आमची पोळ वाचली कारण आतले लोक एकमेकांना नावानं ओळखत होते आणि पोळीचा दरवाजा वेळेवर बंद झाला, दोन्ही गोष्टी लागल्या. तू शेतावरचे चार मोजलेस हे वाचून बरं वाटलं.

फतेगंज_लायब्ररी | २० मे, रात्री १०.१५

पाण्याचा विषय चाललाय म्हणून एक जोडते. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला १९९२ ते १९९६ वेढा होता, १४२५ दिवस. नळ बंद, लाईट बंद. तिथे जे मोजके झरे चालू राहिले त्यात एक दारूच्या भट्टीचा होता, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा स्वतःचा झरा. अख्ख्या शहरातून लोक तिथे कॅन घेऊन यायचे आणि त्या रांगांवर तोफगोळे पडायचे. बागांमधली झाडं लोकांनी सरपणाला तोडली.

हे वाचल्यापासून मी सवय लावून घेतलीय, रस्त्यानं जाताना कुठे हातपंप आहे, कुठल्या शाळेत बोअर आहे, कुठल्या देवळात विहीर चालू आहे ते बघत जाते. कॅनचं म्हणाल तर वीस लिटरचा भरलेला कॅन चौथ्या मजल्यावर चढवणं साठीच्या बाईला जमत नाही, म्हणून दहादहाचे घ्या.

आणि सुटे पैसे! गेल्या महिन्यात २८ एप्रिलला स्पेन पोर्तुगालची लाईट एकदम गेली, कार्ड चालेना, मोबाईलला रेंज नाही, बॅटरीवरचे रेडिओ घ्यायला लोक धावले. आपण तर दहा रुपयांची कोथिंबीरही स्कॅन करून घेतो. दहा वीस पन्नास शंभरच्या नोटा ठेवा, फार नको, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या नोटांचं काय झालं ते आठवतंय ना. सेलवरचा ट्रान्झिस्टर अजून मिळतो.

मांजलपूर_४०१ | २१ मे, सकाळी ८.००

काल रात्री टॉवरच्या ग्रुपवर एवढंच टाकलं की लाईट गेली तर कुणाला मशीन, ऑक्सिजन, इन्सुलिन, व्हीलचेअर यांची अडचण आहे का, मला पर्सनलवर सांगा. सकाळपर्यंत १४ मेसेज. चौदा! एक आमच्याच मजल्यावरचे.

माहेर_दांडियाबाजार | ८ जून, रात्री ९.२०

तीन आठवड्यांनी येतेय, राग मानू नका, रोज वाचत होते आणि रोज काहीतरी करत होते.

साखर वाटून टाकली. बांच्या इन्सुलिनचा माठ आणला, त्यांच्या घराची एक किल्ली आता आमच्याकडे आणि एक दुसऱ्या मजल्यावर. बां म्हणाल्या मला फुकट नको, मी तुमच्या पोरांना शिवण शिकवते, तर दोन मुली जायलाही लागल्या. वॉचमनभाईंचं कुटुंब तळमजल्यावरच्या खोलीत राहतं, पुरात त्यांचंच सगळं गेलं होतं आणि आम्ही कुणीच त्यांना आधी वर बोलावलं नव्हतं, ते स्वतः चढून आले भिजलेल्या मुलाला घेऊन. यंदा आजव्याची पातळी वाढली, नदी वाढतेय असं कळलं की त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये जायचं, मालकाची लेखी परवानगी घेतलीय.

मीटरच्या पेट्या वर चढवायच्या यावर मीटिंगमध्ये दोन तास वाद झाला, खर्च फार आहे, काही जण नाहीच म्हणाले. ते अजून लटकलंय. जमिनीखालच्या टाकीचं झाकण मात्र उंच करून घेतलं आणि गच्चीवरच्या एका टाकीचा पाइप वेगळा केला, ती फक्त प्यायला, तिचा कॉक एकाच्याच हातात. कोण बंद करणार यावरही वाद झाला, शेवटी बांना दिला, त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

आणि माहेरच्या वाड्यातली विहीर. दांडिया बाजारात, मागच्या चौकात, वीस वर्षं तिच्यावर लोखंडी जाळी आणि जाळीवर मोडके पलंग, सायकली. इंदूरच्या भाऊंचं वाचून आधी इंजिनियर बोलावला, त्यानं काठाचा दगड दोन ठिकाणी सुटलाय म्हणून सांगितलं, तो बसवून घेतला. मग गाळ काढला. आत उतरण्याआधी त्या माणसांनी कंदील सोडून पाहिला, तो विझला, म्हणून दिवसभर पंख्यानं हवा सोडून दुसऱ्या दिवशी उतरले, तेही कमरेला दोर बांधून, वर दोघं दोर धरून. आईनं सांगितलं तिच्या लहानपणी पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, उघडतानाही असंच करायचे, आत कोंडलेल्या हवेनं माणसं जायची. गाळातून दोन तांब्याचे गडू निघाले, एकावर माझ्या पणजीचं नाव कोरलेलं. पाणी तीस फुटांवर आहे. रहाट बसवलाय, मोटर मुद्दाम नाही घातली.

वाड्याच्या आसपासची बावीस घरं पाण्याला येऊ शकतील असं वाटतंय, समाहून आम्ही पूर आल्यावर तिथे पोचणार नाही हे मला माहितीये. ती विहीर त्यांच्यासाठी. आमच्यासाठी शाळेतला बोअर आहे, मुख्याध्यापकांशी बोलणं चालू आहे, हातपंप बसवू द्या म्हणून.

पाण्याचा नमुना तपासायला दिलाय, गुरुवारी रिपोर्ट येईल. सयाजीगंजच्या भाईंना विचारायचंय, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर एवढ्या पाण्याला किती, आणि टाकल्यावर किती वेळानं उपसायचं? व्यास सात फूट आहे आणि पाणी सध्या अकरा फूट.